रविवारचा एक चमचा

पॉलिशकाकांच्या नाकाला वास येत नाही, ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि ते माणूस दोन वर्षांपूर्वी गेलं. म्हणजे त्यांची बायको. मुलीलाही हे माहीत नव्हतं. गल्लीला तर नव्हतंच. गल्लीला एवढंच माहीत की काका दरवाजा असा चमकवून द्यायचे की त्यात बघून भांग पाडावा.

नाक काही एका दिवसात गेलं नाही. लाकडाला पॉलिश करणाऱ्याचं नाक चोरपावलांनीच जातं. आधी फुलं गेली, मग साबण गेला, मग जेवण. ज्याने नाक नेलं त्या थिनरचाही वास शेवटी गेला. एकदा कामाच्या खोलीत पायाने थिनरचा डबा लवंडला आणि काकांना ते मोजे ओले झाल्यावर कळलं. बायको नाकाला फडकं लावून आतून धावत आली.

"अहो, वास नाही का येत?"

"येतो की," काका म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, फरशी पुसली आणि परत कधी तो विषय काढला नाही. त्या दिवसापासून ती त्यांचं नाक झाली. भाजी आंबली की नाही, स्पिरिटमध्ये कुणी पाणी घातलंय की नाही, शर्ट आणखी एक दिवस चालेल की नाही, सगळं ती हुंगून सांगायची. काका शेगडीपासून चार हातांवर बसलेले असायचे आणि ती लांब मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत असायची, तरी हाक तिचीच यायची: "अहो, दूध करपतंय."

तेरा वर्षं ही हाक ऐकली. आता आठवड्यातून एकदा तरी दूध करपतं आणि काका ते तसंच पितात. जिभेला थोडं कडू लागतं, तेवढ्यावरून कळतं. सांगायचं कुणाला?

लपवलं का म्हणाल तर धंदाच तसा. पॉलिशवाला हात फिरवतो, पण काम नाकावर चालतं. पहिला थर वाळला की नाही, लाख नीट विरघळली की नाही, हे हुंगून ओळखायचं असतं. नाक गेलेला पॉलिशवाला म्हणजे बहिरा गवई, त्याला कोण काम देणार? म्हणून दोघं नवरा-बायको मूग गिळून बसले, आणि सवय अशी लागली की बायको गेल्यावर धंदा बंद झाला तरी काकांचं तोंड काही उघडलं नाही.

घर पहिल्या मजल्यावर, खाली लाँड्री. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यातली रस्त्याकडची खोली कामाची. तिथे अठ्ठावीस वर्षं खुर्च्या आल्या, पाळणे आले, लोकांच्या मुलींच्या लग्नातली कपाटं आली आणि चमकून गेली. आणि अठ्ठावीस वर्षं त्या खोलीच्या खिडक्या बंद. कारण साधं आहे. ओल्या पॉलिशवर धुळीचा एक कण बसला तरी अख्खा हात परत मारावा लागतो. पॉलिशवाल्याला जगात कुणाचा राग नसतो एवढा वाऱ्याचा असतो. बायको खिडकी उघडायला गेली की काका ओरडायचे, "ए, बंद कर." ती बंद करायची.

मग तिला खोकला लागला. काका म्हणाले, हवा बदललीय. पुढच्या वर्षी म्हणाले, धूळ फार झालीय गावात. सात वर्षं ती खोकली. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, घरात काय काम करता? काकांनी सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं. काही बोलले असते तर काकांना निदान भांडता आलं असतं. आता ते एकटेच स्वतःशी भांडत बसतात, आणि मनात एकच वाक्य फिरतं: आपण तिला कोंडून मारली. हे वाक्य त्यांनी कुणाला ऐकवलं नव्हतं.

ती गेली त्या आठवड्यात मुलगी नातीला घेऊन आली होती. नात तेव्हा पाच वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून काका तिला बटण म्हणत, आणि तेच नाव पडलं. दुसऱ्या दिवशी बटणाला जी धाप लागली, ती सगळे हॉस्पिटलात पोचेपर्यंत थांबली नाही. पोरीचे ओठ निळे पडले होते. तिथल्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं, मुलीला दमा आहे, त्या घरात परत नेऊ नका. मुलगी काकांना एवढंच म्हणाली, "बाबा, एवढा वास मारतोय घरात. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" काकांनी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, पण जमलं नाही.

त्यानंतर मुलगी सहा महिन्यांनी एकदा येई, एकटी, दिवसभरासाठी. बटण फोनवर दिसायची. तिचे दात पडले, नवे आले, हे काकांनी फोनच्या काचेतच पाहिलं. एकदा ते स्वतः गेले तिकडे. चार दिवस पाहुण्यासारखे सोफ्यावर झोपले, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून भिंतीला चिकटून चालले आणि परत आले.

आणि मग एका सकाळी मुलीचा फोन आला. ऑफिस तिला पुढच्या महिन्यात बारा दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवणार होतं. नवरा जहाजावर, चार महिने तरी येत नाही. बटणाला शाळेची सुट्टी. शेजारीपाजारी किती दिवस सांभाळणार?

"मी सांभाळतो," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून ते निघूनच गेलं.

मुलगी अडखळली. "बाबा, घर..."

"घर मी साफ करतो. महिना आहे ना हातात?"

"ऐका. ट्रेनिंगच्या आदल्या शनिवारी सकाळी आम्ही येतो. रविवारी दुपारपर्यंत मी थांबते. ती खोकली नाही तर ठेवून जाते. खोकली तर घेऊन जाते. आणि मग बाबा, परत हा विषय नको. मला तुम्हाला नाही म्हणायला बरं वाटत नाही."

काकांनी हो म्हटलं. फोन ठेवून त्यांनी कॅलेंडरवर तो शनिवार शोधला.

दुसऱ्याच दिवशी ते कामाला लागले. थिनर, लॅकर, वॉर्निश, हार्डनर, लाखेच्या बरण्या, सरसाची डबडी, सगळं मिळून एक्केचाळीस नग निघाले. गटारात ओतून मोकळं व्हायचं नाही, एवढं तरी कळत होतं. चार खेपा करून त्यांनी सगळं नाक्यावरच्या फर्निचर कारखान्यात नेऊन दिलं. कारखानदार म्हणाला, "काका, दुकान मोडलंत वाटतं." काका म्हणाले, "मोडलं." पडदे काढले, गालिचा काढला. आणि खिडक्या उघडल्या. एक तर इतकी घट्ट बसली होती की पाचर ठोकून उघडावी लागली. रस्त्यावरचा आवाज पहिल्यांदाच नीट आत आला.

आता झालं का साफ? हे कळणार कसं? काका खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि जोरात श्वास घेतला. काही नाही. पण त्यांना तर थिनरच्या टाकीत उभं केलं असतं तरी काही कळलं नसतं. मुलीचं सगळं म्हणणं वासावर अडलेलं, आणि वास म्हणाल तर इथे दिवा गेलेला.

दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी ते खाली उतरले. लाँड्रीवाली पन्नाशीची, तोंडाने फटकळ, पण नाक असं की कॉलर हुंगून सांगेल माणूस बसने आला की चालत. तिच्यासमोर काका शर्टाचं बटण पिरगाळत उभे राहिले.

"जरा वर येता का? घराचा वास घ्यायचाय."

लाँड्रीवालीने इस्त्री उभी केली. "काय घ्यायचाय?"

मग सांगावंच लागलं. तेरा आणि दोन, पंधरा वर्षं लपवलेली गोष्ट शेवटी इस्त्रीच्या टेबलाशी बाहेर पडली. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. "तरीच," ती म्हणाली, "दोन वर्षांपासून तुमच्या शर्टांना फोडणी बसलेली असते आणि तुम्ही ऐटीत घालून फिरता."

ती वर आली. उंबऱ्यात थांबली, डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि मागे सरकली. "अहो काका, इथे झुरळसुद्धा राहणार नाही."

त्या दिवसापासून नेम ठरला. रोज सकाळी अकरा वाजता खाली मशीन फिरायला लागलं की ती वर यायची, उंबऱ्यात डोळे मिटून उभी राहायची आणि निकाल द्यायची. काका परीक्षेला बसलेल्या मुलासारखे बाजूला उभे. एकदा त्यांनी शहाणपणा केला, दुकानातून गुलाबाच्या वासाचा फवारा आणून घरभर मारला. लाँड्रीवालीने आत पाऊलही टाकलं नाही. "हे काय केलंत? आता थिनरला गुलाब लावलात. वास मारायचा नसतो, काढायचा असतो. पोरीच्या छातीला तुमचा गुलाब काय आणि पॉलिश काय, सारखंच." फवारा गेला. त्याच्या मागोमाग डासांच्या कॉइल गेल्या, फिनेल गेलं, कपाटांतल्या डांबरगोळ्या गेल्या. तिने सांगितलं तसा सोडा आणि गरम पाणी घेऊन काकांनी फरशी घासली, हाताची सालं निघेपर्यंत घासली. कामाच्या खोलीच्या भिंतींवर अठ्ठावीस वर्षांची पिवळी पुटं होती, ती पत्र्याने खरवडून साधा चुना मारला. ब्रश हातात होता, तरी या वेळी खिडक्या उघड्या होत्या. वाऱ्याने धूळ येऊन ओल्या चुन्यावर बसली. काका तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांनी ती बसू दिली.

खरं सांगायचं तर अकरा वाजण्याची ते वाट बघायला लागले होते. दोन वर्षांत त्या घराच्या उंबऱ्यात रोज कुणी उभं राहिलं नव्हतं. निकाल द्यायला पाच मिनिटं लागत, चहाला पंधरा. ती गेली की घर पुन्हा मोठं व्हायचं. रिकाम्या भिंती, रिकामी खोली, आणि दुसऱ्या दिवशीचे अकरा वाजायला अख्खा दिवस शिल्लक.

एकदा चहा पिताना त्यांनी ते मनातलं वाक्य तिला ऐकवलं. कसं कोण जाणे, निघालं तोंडातून. "मी तिला कोंडून मारली."

लाँड्रीवालीने कप खाली ठेवला. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, असं बोलू नये, आयुष्य तेवढंच होतं. ती म्हणाली, "मला नाही माहीत, काका. असेलही." मग कप परत उचलत म्हणाली, "पण खिडकी तिने स्वतःही उघडली नाही. तुमचं काम खराब होऊ नये म्हणूनच ना?" काका त्या दिवशी जेवले नाहीत, पण त्यांना खूप दिवसांनी शांत झोप लागली.

तर वास उतरत होता. पण एक गोष्ट लाँड्रीवालीच्या डोक्यात बसत नव्हती.

"शुक्रवार, शनिवार बरं असतं," ती एका सोमवारी म्हणाली. "आणि सोमवारी परत येतो. गेल्या सोमवारीही तेच. रविवारी माझं दुकान बंद, मी येत नाही. रविवारी करता काय तुम्ही?"

"काही नाही. पडून असतो."

"कुणी येतं?"

"माझ्याकडे कोण येणार?"

"मग परत कुठून येतो?" ती आतल्या खोलीत गेली, नाक पुढे करून भिंतीभिंतीने फिरली आणि बायकोच्या लाकडी कपाटाशी थांबली. "यात काय आहे?"

"तिचे कपडे," काका म्हणाले. डांबरगोळ्या त्यांनी स्वतःच काढल्या होत्या, दार लगेच लावून घेतलं होतं. लाँड्रीवालीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कडीला हात लावला नाही. "बघा बाबा," म्हणाली, "शनिवार तुमचा आहे. माझा नाही."

काकांनी बघितलं नाही असं नाही. रात्रंदिवस डोकं खाजवलं. एकही डबा घरात नव्हता, शपथेवर सांगितलं असतं. आणि तशी खोटी शपथ त्यांनी बिनधास्त घेतली असती, कारण त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

शेवटचा रविवार उजाडला. शनिवारी पोरगी येणार, हातात सहा दिवस. काका सकाळी उठले, तोंड धुतलं आणि दर रविवारी करतात ते करायला लागले. कपाट उघडलं. खालच्या कप्प्यातून, तिच्या घडी केलेल्या गाऊनांच्या मागून पत्र्याचा एक गोल डबा काढला. झाकण फिरवून काढलं. आत पॉलिशचा बोळा.

आता हा बोळा म्हणजे काय, ते सांगायला हवं. लाखेचं पॉलिश ब्रशने लावत नाहीत. कापसाचा गोळा करायचा, त्याला धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडात बांधायचं, आणि तो मुठीत धरून लाकडावर फिरवत राहायचं. चांगला बोळा वर्षानुवर्षं चालतो. हाताची बोटं त्यात रुततात, त्याचा आकार त्या माणसाच्या मुठीचा होतो. पण तो वाळू द्यायचा नाही. वाळला की दगड झाला, संपला. म्हणून बंद डब्यात ठेवायचा आणि आठवड्याला चमचाभर स्पिरिट पाजायचं. त्याला पॉलिशवाले म्हणतात बोळा जगवणं. सामान विकतील, दुकान मोडतील, पण बोळा जगवतील. काकांचे गुरू हात थरथरायला लागल्यावरही जगवत होते. ते अंगवळणीच पडलेलं असतं, दात घासण्यासारखं. आणि हा बोळा काकांच्या बायकोने बांधलेला होता, शेवटचा. तिच्याच निळ्या गाऊनचं कापड. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी दम लागत असताना तिने तो बांधून दिला होता, आणि म्हणाली होती, "हा पुरेल तुम्हाला."

काकांनी चमचा भरला. स्पिरिटची छोटी बाटली तिच्याच कप्प्यात असायची, तीही सामानात धरलेली नव्हती, कारण ती बोळ्याची होती. चमचा डब्यावर नेला आणि हात तिथेच थांबला.

रविवार. कपाट. चमचा.

ते तसेच खाली बसले. एक्केचाळीस डबे घराबाहेर काढले, भिंती सोलल्या, फरशी सोलली, आणि दर रविवारी स्वतःच्या हाताने एक चमचा विष परत घरात सोडलं. आणि तेही कुठे? तर तिच्या कपड्यांत. स्वतःच्या नाकासमोर. काकांना स्वतःचा एवढा राग आला की त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मग रडले. घरात ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे मोठ्याने रडले.

चमचा त्यांनी परत बाटलीत ओतला. बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि डब्यासकट गच्चीवर नेली. झाकण काढून बोळा कठड्यावर उन्हात ठेवला. तो वाळायला तीन दिवस लागले. काका रोज जाऊन बघत. पहिल्या दिवशी दाबला की दबायचा. दुसऱ्या दिवशी कडा ताठ झाल्या. बुधवारी बोटाने वाजवला तर टक्क वाजला. चार बोटांचे खड्डे तेवढे राहिले.

सोमवारीच त्यांनी लाँड्रीवालीला वर बोलावून कपाट उघडून दिलं. तिने एक गाऊन उचलला, हुंगला. सगळ्यात भिनलं होतं.

"सगळे धुवावे लागतील, काका. दोन-तीन पाण्यांतून. लाकूडही सोड्याने पुसायला लागेल."

"धुवा," काका म्हणाले. मग म्हणाले, "धुवायच्या आधी एक सांगाल? तिचा वास येतो का त्याला? मला... मला तो बरीच वर्षं आलेला नाही."

लाँड्रीवालीने एकेक कपडा घेतला. घाई केली नाही. खाली मशीन थांबल्याचा आवाज आला तरी गेली नाही. एका करड्या गाऊनपाशी ती थांबली आणि गळ्याजवळचा भाग परत हुंगला.

"यात आहे. थोडा. केसांना लावायचं तेल असतं ना, तो. आणि फोडणीचा. आणि..." तिला शब्द सापडेना. "माणसाचा असतो तो. हा बाजूला ठेवू का? एक राहिला तर काय होतंय."

"स्पिरिट आहे त्यात?"

"आहे."

काकांनी तो गाऊन हातात घेतला, नाकाला लावला, छातीभर श्वास घेतला. काही नाही. कापड मऊ होतं, एवढंच. त्यांनी तो ढिगावर ठेवला.

"धुवा," म्हणाले.

शुक्रवारी अकरा वाजता लाँड्रीवाली उंबऱ्यात उभी राहिली. डोळे मिटले. मग आत आली, दोन्ही खोल्या फिरली, कपाटात डोकं घालून आली. "काही नाही," ती म्हणाली. "पाण्याच्या पेल्यासारखं आहे घर." काकांचा जीव भांड्यात पडला. चहा झाला. जाताना ती दाराशी घुटमळली. "आता उद्यापासून माझं काय काम?" काका म्हणाले, "चहाला या." ती म्हणाली, "बघू."

शनिवारी मायलेकी आल्या. बटण वाढून केवढी तरी झाली होती, बटण म्हणायची लाज वाटावी अशी. गळ्यात दोरीला दम्याचा पंप लटकवलेला. काका तिच्या छातीकडेच बघत होते, ती वरखाली कशी होते ते. ती धावली, बाल्कनीत गेली, परत आली, रिकाम्या खोलीत स्वतःभोवती फिरून पडली आणि हसली. खोकली नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली, खोकली नाही. मुलीने पर्समधून हात काढला. दिवसभर तो औषधाच्या डबीवर होता.

रविवारी सकाळी काका आतल्या खोलीत आले तर मुलगी आईच्या उघड्या कपाटासमोर जमिनीवर बसलेली. मांडीवर करडा गाऊन. डोळे लाल.

"काय झालं?"

"आईचा वास गेला बाबा," ती म्हणाली. "इथे होता. थिनरच्या खाली, पण होता. मी यायचे ना सहा महिन्यांनी, तुम्ही बाजारात गेलात की मी या कपाटात तोंड घालून बसायचे. त्यासाठीच यायचे खरं तर." मग तिला स्वतःचंच बोलणं लागलं असावं. "तुम्ही बटणासाठी केलंत, माहीत आहे मला. पण एक कपडा तरी ठेवायचा होता. तुम्हाला कसं काही वाटलं नाही?"

तेच वाक्य, दोन वर्षांपूर्वीचं. या वेळी काका तिच्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले.

"मला वास येत नाही गं," ते म्हणाले. "पंधरा वर्षं झाली. तुझ्या आईचाही आला नाही. ती शेजारी असायची तरी यायचा नाही."

मुलगी त्यांच्याकडे वळली. "आईला माहीत होतं?"

"तीच सांगायची ना सगळं."

"आणि मी समजत होते तुम्हाला कशाची पडलेलीच नाही. बाबा, दोन वर्षं मी तुमच्यावर रागावून होते." तिने गाऊन घडी केला, उघडला, परत घडी केला. काकांना वाटलं, आता पोरीला घेऊन जाईल. आपण आईही पुसून टाकली आणि आता या दोघीही गेल्या.

दुपारी मुलीने एकच बॅग खाली नेली. दुसरी राहू दिली. बटणाला पंप कसा द्यायचा हे काकांकडून तीनदा म्हणवून घेतलं, लाँड्रीवालीचा नंबर घेतला, आणि रिक्षात बसताना वर न बघता म्हणाली, "बारा दिवस. रोज फोन करा." रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत काका उभे होते.

वर आले, पोरीसाठी दूध गॅसवर ठेवलं आणि आतल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर टेकले. बटण मागच्या बाल्कनीत दोरीला लोंबकळलेल्या चिमट्यांशी खेळत होती. खिडकीतून वारा येत होता. शेगडी चार हातांवर होती. काका कपाटाकडे बघत बसले होते, त्या धुतलेल्या, कोऱ्या, कुणाच्याच नसलेल्या कपड्यांचा विचार करत होते.

"आजोबा," बाल्कनीतून आवाज आला, "दूध करपतंय."

काका उठले नाहीत. हात खुर्चीच्या दांड्यावर तसेच राहिले.

"आजोबा, ऐकू नाही का आलं? करपतंय."

"आलं," काका म्हणाले. "आलं ऐकू." आणि उठून त्यांनी गॅस बंद केला.